कांद्याच्या बराखीतली स्टुडबेकर

गाडी जागेवर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. मला तो निवांतपणा मिळाला नव्हता. एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, आणि तो मीच स्वतःच्या हातानं लावला होता. आता सांगलीत घरी बसून लिहिताना हसू येतंय, तेव्हा येत नव्हतं.

गावाचं नाव विचारू नका. महाळुंगे पडवळ आणि लोणी यांच्या मधे कुठंतरी, एवढंच सांगते. नकाशा काढलात तर त्या दोन गावांच्या मधे अर्धा आंबेगाव तालुका बसतो, तेव्हा बसा शोधत. माणसांची नावंही बदलली आहेत. असं का, ते वाचता वाचता कळेलच.

माझं वेड साधं आहे. जुन्या अमेरिकन गाड्या बघायच्या. विकत घ्यायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या, हात लावायचा, वहीत टिपायच्या. आरटीओत आयुष्यभर कारकुनी केली, कागदावर शेकडो डॉज, प्लिमथ, शेवरोलेट बघितल्या आणि प्रत्यक्षात एकही नाही. रिटायर झाले त्या आठवड्यात ठरवलं, आता बघून घेऊ. तेव्हापासून कुठं लग्नाला गेले तरी माझी मान गोठ्यांकडं आणि पत्र्याच्या शेडांकडं वळलेली असते. आमचे हे गणिताचे मास्तर. त्यांना गाडी म्हणजे चार चाकं आणि एक हप्ता. मी सगळ्यांसमोर त्यांना मास्तरच म्हणते, त्यांना ते आवडतं.

तर मास्तरांना ओझर आणि लेण्याद्रीचे दोन गणपती करायचे होते. मी म्हटलं, चला. दोन गणपती तुमचे, मधले तास माझे.

शुक्रवार, जुन्नर

नारायणगावात शिरलो तेव्हा रस्त्याच्या कडेनं टोमॅटोची क्रेट माणसाच्या डोक्याइतकी उंच रचलेली होती आणि ट्रॅक्टरवाले एकमेकांना शिव्या देत प्रेमानं वाट काढत होते. ओझरचं दर्शन शांतपणे झालं. मास्तर इतके खूश झाले की संध्याकाळी जुन्नरला पोचेपर्यंत त्यांनी एकदाही गाणी बदलायला सांगितलं नाही.

जुन्नरला लॉजवर सामान टाकून चहाला बाहेर पडलो आणि चहाच्या टपरीसमोरच एक जीप उभी. जुनी, अस्सल अमेरिकन, पुढच्या जाळीच्या फटी मोजून मी खात्री केली. मागं भाजीची पोती लादलेली. मी कपाबशी हातात घेऊनच तिच्याभोवती फिरायला लागले. मालक आले, साठीचे, डोक्यावर टोपी. त्यांना आपण रामभाऊ म्हणू.

"काय पावणं, जीप घ्यायची का?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तर म्हणाले, "मला काय विचारता, हिला विचारा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

या भागात मला हा अनुभव सतत आला. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर मास्तरांना मिळायचं. आमच्या सांगलीकडं निदान तोंडदेखलं तरी बाईकडं बघतात. पण रामभाऊंना मी जाळीबद्दल, गिअरबद्दल दोन गोष्टी बोलून दाखवल्या तशी त्यांनी खुर्चीच फिरवून घेतली आणि पुढचा अर्धा तास मास्तरांकडं पाठ करून माझ्याशी बोलले. मास्तरांनी तेवढ्यात दोन प्लेट भजी संपवली.

"ताई, ही तर लेकरू हाय," रामभाऊ जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले. "तुमी नाकाची गाडी बघितली का?"

"नाकाची म्हणजे?"

"म्होरं असं ह्येऽऽ मोठं नाक. इमानाला असतंय तसं. मंचरच्या पलीकडं एका म्हातारीच्या कांद्यात उभी हाय. पोळ्याला रंगवत्यात तिला."

मी कपबशी खाली ठेवली. पुढं विमानासारखं नाक असलेली अमेरिकन गाडी एकच. स्टुडबेकर, पन्नासच्या आसपासची. दोनच वर्षं ते नाक चाललं, मग कंपनीनं बदललं. अशी गाडी मी फक्त फोटोत बघितली होती. रामभाऊंनी सिगारेटच्या पाकिटावर रस्ता काढून दिला. पोळ्याला रंगवतात म्हणजे काय, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवार, गाव सांगणार नाही

मंचरला हायवेवर कांद्याच्या ट्रकांमागं तासभर अडकलो. नंतर आत वळलो तसं सगळं एकदम मोकळं झालं. दोन्ही बाजूला ऊस, बटाट्याची रानं, पाऊस नुकताच ओसरलेला, आणि दर दुसऱ्या घरापुढं बराख. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबलचक जागा. भिंती लाकडी पट्ट्यांच्या, मधे फटी, वर पत्रा, वारा आरपार. आमच्याकडं बेदाण्याचं शेड असतं त्याची ही बहीण म्हणायची. बेदाणा असो की कांदा, ओल लागली की संपला.

पाकिटावरच्या रस्त्यानं शेवटच्या बराखीपाशी पोचलो तर दारातच एक म्हातारी कांदा निवडत बसलेली. सडका एका बाजूला, चांगला दुसऱ्या. मान वर न करता म्हणाली, "या पावणं. कांदा बघायला आलाय का?"

"गाडी बघायला," मी म्हटलं.

मग तिनं मान वर केली. या काशीबाई. वय सत्तरीच्या पुढं, कपाळ मोठं, आवाज खणखणीत. त्यांनी आधी मास्तरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्याकडंच बघून म्हणाल्या, "शेवटच्या खणात हाय. जावा. जपून, तिथं कोंबडी अंड्यावर बसलीय."

शेवटच्या खणाच्या दारात मी उभी राहिले आणि खरं सांगते, मला रडू यायचं बाकी राहिलं.

ती होती. चार दारी स्टुडबेकर, नाकासकट. पण कशी होती? अख्खी गाडी निळी, दरवाजाला मारतात त्या ऑइलपेंटनं, कुंच्याचे फराटे स्पष्ट दिसत होते. पुढचं नाक, जे चांदीसारखं लखलखतं म्हणून जगभरची माणसं वेडी होतात, ते शेंदरी. बंपर शेंदरी. दिव्यांच्या कड्या शेंदरी. दारावर पिवळे ठिपके, काचेच्या चौकटीवर गुलाबी झालर काढलेली. मी आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर लोकांशी भांडून भांडून सांगितलंय की मूळ रंगाला हात लावू नका, गंज परवडला पण रंग नको. आणि इथं हे.

"कुणी केलं हो हे?" माझा आवाज चढला होता, मास्तरांनी कोपर मारलं.

"आमीच," काशीबाई म्हणाल्या. त्या मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. "दरसाल करतो. पोळ्याला. उद्या पोळा हाय, उद्या परत हुईल."

आमच्या सांगलीकडं बेंदूर असतो, तो आषाढातच उरकतो. इकडं पोळा भाद्रपदात, सर्वपित्रीच्या अमावस्येला. तो बैलांचा सण. गाडीचा तिथं काय संबंध, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

काशीबाई पालथ्या पाटीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. त्यांचे यजमान आणि धाकटे दीर मुंबईत भायखळ्याच्या बाजारात पोती वाहायचे. तिथल्या एका शेठनं धंदा गुंडाळताना ही गाडी दोघा भावांना दिली. दोघं ती माळशेज घाटातनं चालवत घेऊन आले. घाटात चढावर थांबले की क्लच दाबून धरायचा, गाडी एक बोट मागं सरायची नाही. ते बघून दीर म्हणाला होता, ही गाडी नाही, हा घाटाचा बैल आहे. (हे खरं आहे, स्टुडबेकरला ती सोय असायची. हे ऐकून मी मास्तरांचा दंड इतका जोरात दाबला की त्यांनी "अगं" म्हटलं.)

"मग दोन वर्सं पाऊस न्हाई. हिरीत पानी खाली, लाईट न्हाई, बैल वैरणीवाचून बसल्यालं. तवा ह्यांनी गाडी हिरीवर नेली, मागचं एक चाक जॅकवर उचललं, टायर काढलं, त्या चाकाला पट्टा लावून पंप फिरवला. दोन्ही वर्सं पानी हिनंच वढलं. बैल जगलं, आमी जगलो. त्या साली पोळ्याला ह्यांनी बैलांच्या शिंगाला रंग लावला आन् उरल्याला डबा घेऊन हिच्याकडं आलं. म्हनलं, वढणाऱ्याचा मान हाय. तवापास्नं ही दावणीचीच. बैलं गेली, नवी आली, ही हाय. नाकाडी म्हनतो आमी हिला."

त्या इतक्या सहज बोलत होत्या की माझा तोरा कुठं गेला ते मला कळलं नाही. मी बॉनेट उघडलं. सहा सिलिंडरचं इंजिन, तेलकट कापडांनी गुंडाळलेलं. पंखा हातानं फिरवला तर फिरला, आतून सुस्कारा आला. मागचे दरवाजे उलटे उघडतात, तेही कुरकुर न करता उघडले. बिजागऱ्यांना वंगण होतं. पत्र्याला गंज म्हणून नाही. वरून दरसाल रंगाचा थर आणि आजूबाजूला कांद्यासाठी खेळवलेला वारा, मग गंज येणार कुठून? मी म्हटलं, "काशीबाई, इथं नाकावर थोडंसं खरवडू का? नखाएवढं?"

"खरवडा की. उद्या परत लागणारच हाय."

मी चावीनं हळूहळू खरवडत बसले. शेंदरी, त्याखाली हिरवा, मग लाल, पिवळा, परत हिरवा, झाडाच्या खोडासारखी वर्षं निघत होती. शेवटचा पापुद्रा उडाला आणि खाली लख्ख क्रोम. माझा चेहरा त्यात दिसला. मग नखाएवढं म्हणता म्हणता मी तळहाताएवढं केलं. मास्तर म्हणाले, "पुरे आता," तेव्हा थांबले. फोटो काढले, जवळून, लांबून, दाराबाहेरून.

जेवायला बसवलंच. मासवडी, बाजरीची भाकरी आणि लालभडक रस्सा. मासवडी शाकाहारी असते हे मास्तरांना पटवायला काशीबाईंना एक वडी त्यांच्यासमोर मोडून दाखवावी लागली. बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं, कांद्याचं सारण. मास्तर कधी चार खाऊन बसले ते त्यांनाही कळलं नाही. जेवताना काशीबाईंचा पुतण्या संतोष आला. धाकट्या दिराचा मुलगा, चाकणला कंपनीत असतो, पोळ्यासाठी घरी आलेला. स्वभावानं चांगला, पण घाईतला. म्हणाला, "ताई, तुमाला कुणी घेणारा माहीत असंल तर सांगा. यंदा कांदा जास्त धरायचाय, खण मोकळा पायजे."

"ती सामाईक हाय," काशीबाई म्हणाल्या. "दोगं भाऊ गेलं, आता आर्धी माझी, आर्धी त्याची. त्याच्या बापाच्या अन् ह्यांच्यात कदी वाद झाला न्हाई. त्यानं इकतो म्हनलं तर मी आडवी पडणार न्हाई." आणि त्यांनी ताटात आणखी रस्सा वाढला. त्यांचा हात मात्र वाढताना थांबल्यासारखा झाला, ते मी बघितलं.

मी संतोषला म्हटलं, मला कुणी माहीत नाही. ते म्हणताना मला खरंच वाटत होतं.

संध्याकाळी जुन्नरला परत आल्यावर मी काय केलं ते ऐका. माझ्या ग्रुपवर फोटो टाकला. जुन्या गाड्यांचे शौकीन, व्यापारी, असे सगळे असतात त्यात. आमचा एक नियम आहे, गाडी कुठं सापडली ते लिहायचं नाही. मी लिहिलं नाही. नुसतं लिहिलं, "आज आयुष्याचं सार्थक झालं." आणि दाराबाहेरून काढलेला सगळ्यांत चांगला फोटो टाकला, पुढं नाक, नाकावर तळहाताएवढा लखलखता क्रोम. लोकांचे अंगठे यायला लागले. मी फुलून गेले. ताटकळत बसलेल्या मास्तरांना म्हटलं, थांबा हो, जेवण कुठं पळून जातंय.

रविवार, लेण्याद्री आणि परत

लेण्याद्रीला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. मास्तर प्रत्येक टप्प्यावर थांबून खाली जुन्नरकडं बघत होते आणि शिवनेरी दिसला की हात जोडत होते. हवा अशी छान होती, खालच्या रानात कुणी बैल धुवायला नेत होतं, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वरपर्यंत येत होता. निम्म्या पायऱ्यांवर मी टेकले आणि मोबाइल बघितला.

अनोळखी नंबरवरून मेसेज होता. "मॅडम, काय वस्तू शोधलीत. मालकांशी बोलणं झालं. दुपारी ट्रक घेऊन येतोय, आजच उचलतो. धन्यवाद."

मला आधी कळेचना. मालकांचा नंबर याला कुणी दिला? मग मी माझाच फोटो मोठा करून बघितला. खणाच्या दारावर एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात गावाचं नाव, आणि खाली, कांदा घेणाऱ्यांच्या सोयीसाठी, संतोषचा मोबाइल नंबर.

सत्तर माणसांच्या ग्रुपला मी पत्त्यासकट गाडी दाखवली होती. आरटीओत आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढल्या आणि स्वतःच्या फोटोतली फळी मला दिसली नाही.

"मास्तर, खाली चला."

"अगं, गणपती वर आहे."

मी मेसेज दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, परत वाचला. मग जिथं होते तिथूनच वर बघून नमस्कार केला आणि माझ्या आधी उतरायला लागले. या माणसानं आयुष्यात माझ्यासाठी पुष्कळ केलंय, पण गणपतीला निम्म्यात सोडलं ते त्याच दिवशी. मला भरून आलं, पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता.

रस्ताभर पोळा. गावोगावी बैल सजवून काढलेले, पाठीवर झुली, शिंगांना बेगड, पुढं ढोल. एरवी मी गाडी थांबवून बघितलं असतं. त्या दिवशी प्रत्येक बैलजोडीमागं मला ट्रक दिसत होता. संतोषला फोन लावला तर उचलेना. मी मास्तरांना म्हटलं, त्या म्हातारीला तोंड कसं दाखवू? तिनं मला खरवडू दिलं, जेवू घातलं, आणि मी तिच्या गाडीवर ट्रक आणला. मास्तर म्हणाले, "आधी पोचू." मला त्यांचा रागच आला, पण ते बरोबर होतं.

पोचलो तेव्हा ट्रक नव्हता. मी पळतच शेवटच्या खणाकडं गेले. खण रिकामा.

 तेवढ्यात मागून काशीबाईंचा आवाज आला, "हिकडं हाय. आंगणात."

नाकाडी अंगणात उभी होती, दोन बैलांच्या शेजारी. चौघांनी ढकलून बाहेर काढली होती. काशीबाई कमरेला पदर खोचून, हातात कुंचा घेऊन, तिच्या नाकाला रंग देत होत्या. बैल अजून कोरेच होते, शिंगांना काहीही लावलेलं नाही. संतोष बाजूला उभा राहून म्हणत होता, "काकू, आधी बैलांचं करायचं असतं ना? दरसाल बैलांचं आधी करतो आपण."

"आज हिचा मान आधी," काशीबाई म्हणाल्या.

मी सगळं सांगून टाकलं. फोटो मी टाकला, फळी मला दिसली नाही, तो माणूस माझ्यामुळं येतोय, चूक माझी.  संतोष ओशाळला. म्हणाला, "ताई, तुमची चूक न्हाई. त्याचा फोन आला, मी हो म्हनलं. शब्द दिलाय आता." काशीबाईंनी कुंचा डब्यात बुडवला. "आर्धी त्याची हाय," एवढंच म्हणाल्या आणि रंगवत राहिल्या. मी कालचा तळहाताएवढा क्रोम बघितला. तो शेंदरी झाला होता, रंग ओला होता.

ट्रक आलाच. त्याच्या पुढं एक मोटार, तिच्यातून उतरला एक गोरा, पन्नाशीचा माणूस, पांढरे बूट, हातात माझाच फोटो उघडलेला मोबाइल. तो सरळ नाकाशी गेला, फोटोशी ताडून बघितलं, आणि बोट लावलं. बोट शेंदरी झालं. त्यानं ते कांद्याच्या पोत्याला पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर मला माझाच कालचा चेहरा दिसला. ग्रुपवर त्यानं माझा फोटो बघितलेला असणार, मला लगेच ओळखलं.

"मॅडम, तुमच्या फोटोत इथं क्रोम होता."

"होता," मी म्हटलं.

"मग हे काय चाललंय? थांबवा ना यांना."

मी काही बोलणार तेवढ्यात काशीबाईंनी दुसरा कुंचा माझ्यापुढं धरला. "ताई, तेवढ्या दिव्याच्या कड्या ऱ्हायल्यात बघा. माझा हात पोचत न्हाई." त्यांचा हात चांगला पोचत होता.

एक क्षण मी कुंच्याकडं बघत राहिले. क्रोमवर ऑइलपेंट. वहीत मी असल्या माणसांसाठी एक पान राखून ठेवलंय, त्यावर फक्त शिव्या आहेत. मग मी कुंचा घेतला आणि दिव्याची कडी रंगवली. दुसरीही.

"तुम्ही?" तो माणूस म्हणाला. "ग्रुपवर तुम्ही मूळ रंगावर एवढं लिहिता, आणि तुम्ही?"

मास्तर मागून म्हणाले, "आज पोळा आहे." इतका समजूतदार आवाज मी त्यांच्या वर्गाबाहेर कधी ऐकला नव्हता.

तो माणूस गाडीभोवती एक फेरी मारून आला. ठिपके बघितले, झालर बघितली. मग भाव पाडायच्या सुरात संतोषकडं वळला. "असल्या गाडीला कुणी विचारत नाही हो. आता हे भंगारच. भंगार म्हणून घेतो. ट्रक आणलाच आहे, दोर लावा, ओढून चढवतो."

भंगार म्हटल्यावर काशीबाईंचा कुंचा थांबला.  सगळं संतोषच्या हातात होतं आणि त्यांनी ते त्याच्याच हातात राहू दिलं. ट्रकवाला दोर घेऊन पुढं आला, वाकला, ओल्या शेंदरी बंपरखालून दोर घालायला लागला. शेजारचे दोन्ही बैल माना वळवून बघत होते.

संतोष म्हणाला, "थांबा."

"काय झालं?"

"आज पोळा हाय. पोळ्याला दावणीचं जनावर हालवत न्हाईत. जोताला जुपतही न्हाईत आन् इकतही न्हाईत."

"अहो, जनावर कुठं? गाडी आहे ही."

संतोषनं नाकाडीकडं बघितलं. चाकणच्या कंपनीत यंत्रांवर काम करणारा माणूस, त्याला हे बोलायची लाज वाटत होती ते दिसत होतं. तरी बोलला. "पानी वढलंय तिनं. मी व्हायच्या आधी. माझा बा तवा जगला म्हनून मी हाय."

"उद्या मी परत येणार नाही. मला पुढं नाशिकला जायचंय."

"नका येऊ," संतोष म्हणाला.

ट्रकवाल्यानं दोर काढून गुंडाळला. त्याच्या दोन्ही हातांना शेंदरी रंग लागला होता. पांढऱ्या बुटांचा माणूस माझ्याकडं बघून मान हलवत निघून गेला. ग्रुपवर त्यानं माझ्याबद्दल जे लिहिलं ते मी वाचलं नाही. मी फोटो काढून टाकला आणि ग्रुपही सोडला, त्याचं वाईट वाटत नाही.

ट्रक वळणापलीकडं गेला. मी उलटा दरवाजा उघडून नाकाडीच्या मागच्या सीटवर बसले आणि खुशाल रडले. सुटले, सुटले, एवढंच मनात चाललं होतं. संतोष पाणी घेऊन आला आणि काशीबाईंना म्हणाला, "काकू, खण राहू दे हिलाच. कांद्याला मी पलीकडं पत्रा टाकतो." मग बैलांची शिंगं रंगवायला गेला, मागं न बघता.

काशीबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी डोळे पुसून विचारलं, "काशीबाई, दरसाल आधी बैल, मग ही. मग आज उलटं का?"

त्यांनी पदरानं हाताचा रंग पुसला. "सकाळी संतोष म्हनला, पुन्याचा मानूस येतोय, गाड्यांचा लई शौकीन. मला काल तुमचं त्वांड आठवलं. रंग बघून कसं कडूझार झालं व्हतं. अन् आतलं चकाकतं दिसल्यावर असं झालं की म्हनलं, ही बाई आता गाडी घेऊनच जाती. तो बी तुमच्यासारखाच आसंल. म्हनून म्हनलं, बैल थांबतील, आधी हिला रंगवून घ्यावी."

 त्या हसल्या नाहीत. उठल्या, डबा उचलून आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

मागचा बंपर राहिला होता. तो मी रंगवला, क्रोमचा एक ठिपका दिसू दिला नाही.